सोलेनोगॅस्ट्रेस
सोलेनोगॅस्ट्रेस हा मृदुकाय संघातील, कवच नसलेल्या कृमीसदृश सागरी प्राण्यांचा वर्ग आहे. तिसऱ्या, कालवे व माकुल हे याच संघातील परिचित प्राणी होत. या वर्गातील बहुतेक जाती काही मिलिमीटर लांबीच्या असून त्या प्रामुख्याने खोल समुद्रात आढळतात.

शरीररचना
शरीरावर प्रावाराने स्रवलेली उपत्वचा असते. तिच्यात ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रकाराच्या असंख्य सूक्ष्म कंटिका असतात. त्या सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या असून जाती ओळखण्यास उपयोगी पडतात. शरीराच्या खालच्या बाजूने एक अरुंद खाच जाते. तिच्यातील केसल घडी म्हणजेच पाद. खाचेच्या पुढील टोकाजवळील ग्रंथी श्लेष्मा स्रवतात व त्यावरून प्राणी सरकतो. खरे क्लोम नसतात. अनेक जातींत रेत्रिका (दातेरी जीभ) असते. काहींत ती लोप पावली आहे. प्रवाळ, हायड्रा इत्यादींच्या आंतरगुही संघातील प्राणी हे त्यांचे मुख्य खाद्य होय. हे प्राणी उभयलिंगी असतात.

क्रमविकास
कवचाचा अभाव हे पूर्वी आदिम लक्षण मानले जात असे. २०११ मधील जनुकीय अभ्यासांनी मात्र या प्राण्यांचे नाते पाठीवर आठ पट्टिका असलेल्या कायटनशी जोडले. २०१२ मध्ये इंग्लंडमधील हेरफर्डशायर येथील, सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या कुलिंड्रोप्लॅक्स या जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे शरीर कृमीसारखे, परंतु पाठीवर सात पट्टिका होत्या. यावरून या वर्गाच्या पूर्वजांना पट्टिका असाव्यात व त्या नंतर नाहीशा झाल्या असाव्यात, असे मानले जाते.