अमेरिकेला जाणारा मिक्सर विकताना

मंडळी, जून-जुलै आला की इलेक्ट्रिकल वस्तूंच्या दुकानात एक ठराविक गिऱ्हाईक येतं. मुलगा एमएस करायला अमेरिकेला निघालेला, सोबत आई, आणि आईला हवा असतो मिक्सर. नवा दुकानदार काय करतो? रॅकवरचा 750 वॅटचा मिक्सर काढतो, वर एक कन्व्हर्टर पिन देतो आणि म्हणतो, "काकू, बिनधास्त लावा."

पिनेने फक्त पायांचा आकार बदलतो हो, व्होल्टेज नाही! आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेत 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपला मिक्सर तिथे फिरेल, पण मरगळल्यासारखा. इडलीचं पीठ त्याच्याच्याने होणार नाही आणि जाड वाटणात मोटर अडकली तर तापेल. गरम करणाऱ्या वस्तूंचं तर गणितच आहे: व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते. 1000 वॅटची इस्त्री तिथे जेमतेम 270 वॅटची राहते. उलटं केलं तर जास्त वाईट. तिकडचा 120 व्होल्टचा हेअर ड्रायर इथल्या सॉकेटमध्ये लावला तर तो साडेतीन पटीहून जास्त ताकद खेचतो. मग धूरच.

म्हणून किंमत सांगण्याआधी विचारा, "कुठल्या देशात चाललाय?" दुबई, लंडन, सिंगापूर असेल तर आपलाच मिक्सर चालतो, फक्त तीन चौकोनी पायांची पिन द्यायची. अमेरिका, कॅनडा असेल तर थांबा. जपानमध्ये तर 100 व्होल्टच.

दुसरं, वस्तू उलटी करून लेबल वाचायची सवय लावा. लॅपटॉप आणि मोबाईलच्या चार्जरवर बहुतेक वेळा 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ लिहिलेलं असतं. तिथे पिन पुरते. गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवा, विश्वास बसतो.

मिक्सरसाठी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हा एक मार्ग आहे. पण 750 वॅटची मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर निदान 1000, खरं तर 1500 व्हीएचा लागतो. हे धूड काही किलोंचं. विमानाच्या बॅगेत ते भरायचं की पापड-मसाले, हे काकूच ठरवतील! हलके, स्वस्त कन्व्हर्टर मोटरच्या वस्तूला देऊच नका.

माझं मत विचाराल तर सरळ 110 व्होल्टचा मिक्सर मागवून द्या. काही भारतीय कंपन्या खास परदेशासाठी बनवतात. पण स्टॉक करू नका. सीझन गेला की तो पीस गावात कोणी घेणार नाही, पैसे अडकले म्हणून समजा. ऑर्डर घ्या, निम्मा ॲडव्हान्स घ्या, निघायच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधीची डिलिव्हरी कबूल करा. वॉरंटी परदेशात चालते का, ते कार्ड उघडून आधीच दाखवा. पुष्कळदा ती फक्त भारतापुरती असते.

आणि माल आला की दुकानातल्या पोराला पहिल्यांदा सांगा, हा डेमोला थेट प्लगमध्ये लावायचा नाही. चालवून दाखवायचाच असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवरून. खोक्यावर लाल मार्करने "110 व्होल्ट, इथे लावू नये" असं लिहा आणि तेच बिलावरही लिहा, कारण काकू घरी जाऊन एकदा चालवून बघणारच.