सुरतेची सादेली

जुन्या लाकडी पेटीच्या कडेने चांदण्यांची जी पट्टी दिसते, तिला सादेली म्हणतात. ही कला इराणातून सुरतेस आली असे मानतात. एकोणिसाव्या शतकात ती मुंबईतही बहरली. शिसवी, चंदन, शिंग, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक त्रिकोणी काड्या सरसाने जुळवून जुडी बांधतात. सरस वाळला की जुडी आडवी कापावयाची. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी निघते. काडी किंचित सरकली तर तो दोषही प्रत्येक चकतीत उतरतो. चकत्या ओळीने चिकटवून घासतात. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे व कारागीरही थोडेच उरले आहेत. म्हणून घरात अशी पेटी असल्यास ती ओल्या फडक्याने पुसू नये, सरस सुटतो. निखळलेला तुकडा मात्र जपून ठेवावा.