सोनटक्क्याचा गड्डा

वैशाखाचे ऊन देहूरोडच्या परसांतूनही तापत असते. मोरीच्या कडेला सोनटक्क्याचे चार वाळके दांडे तेवढे उरलेले असतात. पाहणाऱ्यास वाटते, झाड मेले. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या, की थोड्याच दिवसांत त्याच जागी हिरवे कोंब डोके वर काढतात. मग इतके दिवस त्याचा जीव होता कोठे?

तो होता जमिनीतील गड्ड्यात. हा गड्डा मुळासारखा दिसतो. पण ते मूळ नव्हे, आडवे वाढणारे खोड होय. वनस्पतिशास्त्रात त्यास मूलक्षोड म्हणतात. आले आणि हळद ही सोनटक्क्याच्याच कुळातील. त्यांचे गड्डेही असेच असतात. गड्ड्यावर पेरे व डोळे असतात. ही खोडाची खूण होय. खरी मुळे त्याच्या खालच्या अंगास फुटतात. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा काही भाग गड्ड्यात साठतो आणि त्या शिदोरीवर डोळे उन्हाळा काढतात.

पावसाचे पाणी मिळताच डोळ्यांतून कोंब फुटतात व एक ते दोन मीटर उंच वाढतात. पुढे त्यांच्या शेंड्यांवर पांढरीशुभ्र, सुगंधी फुले येतात. फूल सायंकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. पण तोवर दुसरी कळी तयार असते. फुलाचा आकार फुलपाखरासारखा असतो. क्यूबा देशाचे हे राष्ट्रीय फूल असून तेथील त्याच्या नावाचा अर्थही 'फुलपाखरू' असाच आहे.

एक दांडा एकदाच फुलतो व वाळतो. गड्डा मात्र जमिनीत फाटे फोडीत पसरतो. काही वर्षांनी गड्ड्यांची दाटी होते, अन्न पुरेनासे होते आणि फुले कमी येऊ लागतात. अशा वेळी पावसाळ्याच्या तोंडी गड्डे उकरून त्यांचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यास एक-दोन डोळे असावेत. ते ओलसर जागी, थोडे अंतर ठेवून आडवे लावावेत. उरलेले शेजाऱ्यास द्यावेत.

ते ओढ्यात मात्र टाकू नयेत. सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयाकडचा. शोभेसाठी तो हवाई बेटांत व ब्राझीलमध्ये नेला गेला; तेथे पाणथळ जागी तो इतका माजला, की मूळच्या वनस्पतींना वाढण्यास जागा उरली नाही. देहूरोडच्या एका अंगास इंद्रायणी वाहते, तर दुसऱ्या अंगास पवना. पाण्याबरोबर वाहून गेलेला लहानसा तुकडाही काठावर रुजू शकतो. परसात जो गुण सुगंध देतो, तोच नदीकाठी उपद्रव ठरतो. म्हणून झाड लावणाऱ्याने त्याच्या वाढीवरही लक्ष ठेवावे.