साठी, स्नायू आणि पेजेचा वाडगा

चाळिशी उलटली की पोट सुटणारच, कारण शरीराची अन्न जाळण्याची ताकदच वयाबरोबर ओसरते, असा समज गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांत जितका पक्का आहे तितकाच तो इतरत्रही आहे. परंतु अलीकडच्या संशोधनाने या समजाचा एक भाग चुकीचा ठरवला आहे आणि उरलेला भाग लोक मानतात त्यापेक्षा अधिक गंभीर असल्याचे दाखवून दिले आहे. चयापचय म्हणजे केवळ पचन नव्हे. अन्नातून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे, नवे ऊतक घडवणे आणि झिजलेले मोडून काढणे, अशा शरीरातील सर्व रासायनिक व्यवहारांना मिळून चयापचय म्हणतात, आणि माणूस अंथरुणावर निश्चल पडून असला तरी ते थांबत नाहीत. या निश्चल अवस्थेतील ऊर्जाखर्चाला विश्रांती-चयापचय म्हणतात; बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चात त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो.

हा खर्च वयानुसार कसा बदलतो, याचे आजवरचे सर्वांत व्यापक मोजमाप ऑगस्ट २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २९ देशांमधील ६,४०० हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली होती, आणि त्यांत आठ दिवसांच्या अर्भकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत सर्व वयांची माणसे होती. मोजण्याची रीत अशी की, ज्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड प्रकारचे आहेत असे निरुपद्रवी पाणी व्यक्तीला पाजतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो केवळ पाण्याच्या रूपाने, ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबरच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो, म्हणून दोन्हींच्या घटीतील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला आणि त्यासाठी किती अन्न जळले याचा हिशेब लागतो. शरीराचे आकारमान आणि मेदविरहित वजन लक्षात घेऊन हा हिशेब मांडला तेव्हा दिसले की, वर्षाच्या मुलाचा खर्च प्रौढांच्या दीडपट असतो, तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो, आणि त्यानंतर साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. तिशीत, चाळिशीत किंवा रजोनिवृत्तीच्या सुमारास त्यात कोणतीही मोठी घसरण आढळली नाही. खरी उतरण साठीच्या आसपास सुरू होते, वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने चालू राहते, आणि नव्वदी गाठलेल्या माणसाचा खर्च मध्यमवयीन माणसापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी भरतो. गोव्यात राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने ज्येष्ठत्वासाठी जी साठीची रेषा मानली आहे, ती शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही फारशी चुकलेली नाही.

मग चाळिशीतले पोट येते कुठून, या प्रश्नाचे उत्तर पेशींपेक्षा दिनक्रमात शोधावे लागते, आणि त्यासाठी पेडणे-डिचोलीइतकी बोलकी उदाहरणे थोडी सापडतील. सरद आणि वायंगण अशा दोन हंगामांची भातशेती, चिखलात वाकून केलेली तरव्याची लावणी, कापणी-मळणी, चैत्र-वैशाखात काजूच्या बागांत फिरून वेचलेले बोंडू, विहिरीचे पाणी आणि रगड्यावरचे वाटप, हा या भागातील मागच्या पिढीच्या अंगमेहनतीचा वर्षभराचा क्रम होता. पन्नास किलो वजनाची स्त्री लावणी करताना तासाला सुमारे २०० किलोकॅलरी खर्च करते, तर बसून राहिल्यास साठ-सत्तर. म्हणजे शेतातील चार तासांची जागा खुर्चीतील चार तासांनी घेतली तर पाचशेच्या आसपास किलोकॅलरींचा फरक पडतो, आणि जेवणाचे ताट मात्र पूर्वीइतकेच भरते. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींच्या काळात शिरगाव, मुळगाव, पिळगाव या परिसरातील शेते खनिजमातीने बुजली आणि अनेक शेतकरी कुटुंबांची उपजीविका ट्रकांवर आली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक थांबले, पण सोडलेली शेते सर्वत्र पुन्हा कसली गेली नाहीत. पेडण्यात किनाऱ्यावरचा पर्यटन व्यवसाय आणि अलीकडे मोप येथील विमानतळ यांनी कामाचे स्वरूप पालटले. या बदलांनी सुबत्ता आणली हे नाकारता येत नाही. परंतु ज्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडले तीच पिढी त्याच वर्षांत प्रौढ होत होती, आणि त्यामुळे श्रम गेल्याचा परिणाम वयाच्या नावे जमा झाला.

श्रम गेले की स्नायू जातात. तिशीनंतर दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात, आणि हे नाव अमेरिकी पोषणशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला केवळ १३ किलोकॅलरी खर्च करतो, म्हणजे पाच किलो स्नायू गमावले तरी बचत होते ती ६५ किलोकॅलरींची, साधारण पन्नास ग्रॅम शिजलेल्या भाताएवढी. स्नायूंचे महत्त्व ते बसल्या जागी किती जाळतात यात नसून, जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने उचलून साठवणारे ते सर्वांत मोठे कोठार आहेत, यात आहे. कोठार आकसले आणि त्यात मेद शिरला की इन्सुलिनची हाक पेशींना नीट पोचत नाही, स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावे लागते, आणि ते पुरेनासे झाले की मधुमेह प्रकट होतो.

गोव्याच्या बाबतीत ही शक्यता दूरची नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणीतील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढील लोक सुमारे ११ टक्के होते, देशात साडेआठ टक्क्यांच्या जवळपास. परंतु वयोमानातील एवढ्याशा फरकाने मधुमेहाचे दुपटीहून अधिक प्रमाण स्पष्ट होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्याचा एक धागा अनेक वर्षांपूर्वी दाखवून दिला होता. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली, त्यात उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात मुळातच स्नायू कमी आणि मेद अधिक असेल, तर वयाबरोबर होणारी झीज त्याला अधिक लवकर भोवते हे उघड आहे. म्हणूनच वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत, हा अधिक विश्वासार्ह निकष मानला जातो.

साठीनंतरची घसरण मात्र श्रमांच्या अभावाने पुरती समजत नाही, कारण तेव्हा पेशींचे कामच मंदावते, आणि यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांसारखे सतत राबणारे अवयवही आकाराने किंचित आकसतात. तहान पूर्वीसारखी लागत नाही, थंडी लवकर बोचते. मूत्रपिंडाची गाळण्याची आणि यकृताची औषध मोडण्याची गती कमी झाल्याने, पन्नाशीत योग्य असलेली गोळीची मात्रा पंचाहत्तरीत जास्त ठरू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या घेत असताना जत्रेचा किंवा एकादशीचा कडक उपवास केला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि वृद्धांत त्याची लक्षणे चक्कर किंवा गोंधळलेपणा एवढीच दिसत असल्याने ती वयावर ढकलली जातात. उपवास करावयाचा असल्यास आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेणे यासाठीच आवश्यक असते.

आहाराच्या बाबतीत तर सद्भावनेनेच नुकसान होते. भूक मंदावलेल्या आजीला उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी म्हणून दोन्ही वेळा देतात, परंतु तीस ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम असतात. उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून तज्ज्ञ साठी-पासष्टीनंतर दर किलो वजनामागे दिवसाला एक ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. पन्नास किलोच्या व्यक्तीला ती पन्नास ते साठ ग्रॅम लागतात, अर्थात मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे लागते. या भागाच्या स्वयंपाकघरात त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम, तेवढ्याच बांगड्यात १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि मूग, अळसांदे, चवळी ही कडधान्ये तर रोजच्या सवयीचीच आहेत.

झिजलेला स्नायू परत येतो का, याचे उत्तर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बोस्टनमध्ये मारिया फियातारोन यांनी केलेल्या प्रयोगाने दिले. वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा व्यक्तींनी आठ आठवड्यांचे वजनाचे व्यायाम सुरू केले, तेव्हा ते पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि चालण्याचा वेगही सुधारला. नव्वदीतील स्नायूही हाकेला ओ देतो, हे त्यातून सिद्ध झाले. तेव्हा वाचकांनी आपल्या घरातील साठीपुढील माणसाला, शेजारी आधाराला उभे राहून, हात छातीशी दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगावे. यास बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले, तर आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार ती स्नायू दुर्बळ झाल्याची खूण असते, आणि ‘वय झाले’ असे म्हणून सोडून न देता जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवणे योग्य ठरते.