१९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि चिंतामणराव देशमुख : उजव्या पक्षांपुढील दुसऱ्या पसंतीचा प्रश्न

प्रस्तावना

नाशिक रोड येथील करन्सी नोट प्रेस १९२८मध्ये सुरू झाली. १९४३ ते १९४९ या काळातील रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची स्वाक्षरी असे आणि त्या नोटांच्या छपाईशी नाशिक रोडचे नाव जोडलेले आहे. याच नाशिक रोडला विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे. विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीचा कारभार तेथून चालतो. या निवडणुकीत महाविद्यालयीन प्राध्यापक मतपत्रिकेवर फुली मारीत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहितात. भारताच्या राष्ट्रपतींची निवडही याच पद्धतीने होते. ऑगस्ट १९६९मध्ये त्या निवडणुकीत एक उमेदवार म्हणून देशमुख उभे होते.

देशमुखांना स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ या दोन उजव्या पक्षांनी उभे केले होते. उमेदवार मात्र कोणत्याही अर्थाने कडवा उजवा नव्हता. मध्यममार्गी उमेदवार पुढे केल्याने आपल्या पक्षांबाहेरची मते मिळतात काय, आणि तो निवडून येणार नसेल तर त्याला मत देण्यात अर्थ काय, हे दोन प्रश्न त्या वेळी उजव्या पक्षांच्या खासदार-आमदारांपुढे होते. प्रस्तुत लेखात निकालाच्या आकड्यांच्या आधारे या दोन प्रश्नांची छाननी केली आहे.

निवडणुकीची पार्श्वभूमी

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले आणि उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. तीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या मताविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी बहुमताने ठरली. पूर्वी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले यशवंतराव चव्हाण आणि मुंबईचे स. का. पाटील यांनीही रेड्डींच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर घटना वेगाने घडल्या. १६ जुलै रोजी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलै रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले आणि २० जुलै रोजी गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून निवडणूक लढविण्याचा मार्ग मोकळा केला.

अशा रीतीने काँग्रेसमधील अंतर्गत संघर्ष राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरला. गिरींच्या मागे कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम इत्यादी पक्ष उभे राहिले. काँग्रेसमधील इंदिरा गांधींचा गटही त्यांच्याकडे झुकू लागला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी हे पक्षसंघटनेतील ज्येष्ठ नेत्यांचे, म्हणजे ‘सिंडिकेट’चे उमेदवार मानले गेले.

उमेदवाराची निवड

स्वतंत्र पक्षाची स्थापना १९५९मध्ये झाली. त्याच वर्षी नागपूर काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला होता. त्याला आणि एकूणच सरकारी नियंत्रणांना विरोध हा या पक्षाचा पाया होता. जनसंघाचा पाया सांस्कृतिक राष्ट्रवादाचा होता. १९६७च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला ४४ आणि जनसंघाला ३५ जागा मिळाल्या होत्या. आर्थिक प्रश्नांवर व समाजविषयक दृष्टिकोनात या दोन पक्षांत बरेच अंतर होते. त्यामुळे दोघांनाही चालेल असे नाव पक्षीय राजकारणाबाहेर शोधणे स्वाभाविक होते.

देशमुखांचे नाव या कसोटीला उतरत होते. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताच्या शिष्टमंडळात काम केले. १९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री होते आणि १९५२मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी जुलै १९५६मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. १९५९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता.

तथापि, त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट या उमेदवारीच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ते अर्थमंत्री असताना १९५५मध्ये इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले आणि जानेवारी १९५६मध्ये आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने देश ढवळून निघाला असताना खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या पक्षाने जो उमेदवार निवडला, तो स्वतः एका मोठ्या राष्ट्रीयीकरणाचा कर्ता होता. मध्यममार्गी उमेदवार याचा अर्थ येथे नेमका स्पष्ट होतो. पक्षाच्या कार्यक्रमाशी तंतोतंत जुळणारा माणूस बाजूला ठेवून सर्वमान्य ठरू शकेल असा माणूस पुढे करणे, हे त्या निवडीमागचे तत्त्व होते.

या तत्त्वाला जवळचा पूर्वानुभवही होता. १९६७मध्ये सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन उभे राहिलेले कोका सुब्बा राव हे विरोधी पक्षांचे संयुक्त उमेदवार होते. गोलकनाथ खटल्यातील निकालामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. त्यांना ३,६३,९७१ मतमूल्य, म्हणजे सुमारे ४३ टक्के मते मिळाली. झाकिर हुसेन ४,७१,२४४ मते मिळवून विजयी झाले. पक्षाबाहेरचा प्रतिष्ठित उमेदवार विरोधकांना एकत्र आणू शकतो, हे यावरून दिसले होते. मात्र १९६९मध्ये विरोधकांचा मोठा भाग आधीच गिरींकडे गेला होता.

मतदानाची पद्धत

संविधानाच्या अनुच्छेद ५४ व ५५ नुसार राष्ट्रपतींची निवड संसदेचे व राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९६१च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती आणि विधानसभेच्या जागा २७० होत्या. लोकसंख्येला जागांनी व नंतर १,०००ने भागल्यास प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १४६ येते. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज खासदारांच्या संख्येने भागून खासदाराच्या मताचे मूल्य निघते. १९६९मध्ये ते ५७६ होते.

मतदान गुप्त असते. मतदार पसंतीक्रम लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ठरलेला कोटा कोणालाच मिळाला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार उरलेल्या उमेदवारांकडे जातात. पुढील पसंती लिहिलेलीच नसेल तर ती मतपत्रिका मोजणीबाहेर पडते.

या पद्धतीमुळे उजव्या पक्षांच्या मतदाराला दोन स्वतंत्र निर्णय घेता येत होते. पहिली पसंती देशमुखांना देऊन तो आपली भूमिका नोंदवू शकत होता. दुसरी पसंती रेड्डींना देऊन गिरींचा विजय रोखण्याचा प्रयत्नही करू शकत होता. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दुसऱ्या पसंतीसाठीच जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी संपर्क साधला. त्याचा उलट परिणाम झाला. काँग्रेसचा उमेदवार उजव्यांच्या मदतीने निवडून आणला जात आहे, असा आक्षेप इंदिरा गांधींच्या गटाने घेतला आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याची मोकळीक मागितली. उजव्यांची दुसरी पसंती मिळविण्याच्या प्रयत्नात रेड्डींनी स्वतःच्या पक्षातील पहिल्या पसंतीची काही मते धोक्यात घातली.

निकालाचे गणित

१६ ऑगस्ट रोजी मतदान आणि २० ऑगस्ट रोजी मोजणी झाली. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ आणि कोटा ४,१८,१६९ होता. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. इतर उमेदवारांची मिळून ८,५०५ मते होती. कोटा कोणीच गाठला नाही. इतर उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाल्यावर गिरी यांची मते ४,२०,०७७ आणि रेड्डी यांची ४,०५,४२७ झाली. गिरी १४,६५० मतांनी विजयी झाले.

पहिला प्रश्न येथेच सुटतो. देशमुखांना सुमारे साडेतेरा टक्के मते पडली. प्रतिष्ठा, विद्वत्ता आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी केलेला त्याग यांचे रूपांतर पक्षाबाहेरच्या मोठ्या पाठिंब्यात झाले नाही. लढत दोन गटांत आधीच वाटली गेल्यावर मध्यभागी उभ्या असलेल्या उमेदवाराकडे वळण्यास फारसे मतदार उरले नव्हते.

दुसरा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. बाद उमेदवारांच्या एकूण १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे आणि १८,५६२ गिरींकडे गेली. १०,८३३ मते मोजणीबाहेर पडली. आता किरकोळ उमेदवारांची सर्वच्या सर्व ८,५०५ मते गिरींना मिळाली असे गृहीत धरले, तरी गिरींच्या वाढीव मतांपैकी किमान १०,०५७ मते देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांचीच असली पाहिजेत. दुसरीकडे, निकाल फिरण्यासाठी केवळ ७,३२६ मते गिरींऐवजी रेड्डींकडे जाणे पुरेसे होते. तसे झाले असते तर गिरींची मते ४,१२,७५१ आणि रेड्डींची ४,१२,७५३ झाली असती. ७,३२६ मते म्हणजे जेमतेम १३ खासदारांच्या मतांचे मूल्य होय.

यावरून एक निष्कर्ष निर्विवादपणे निघतो. देशमुख स्वतः विजयाच्या जवळपासही नव्हते. परंतु त्यांच्या मतदारांनी राष्ट्रपती कोण होणार हे ठरविण्याइतके बळ बाळगले होते. त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी रेड्डींना पुढील पसंती दिली, हे आकड्यांवरून स्पष्ट आहे. अल्पसंख्य गटाने गिरींना दिलेल्या पसंतीनेच मात्र निकाल लागला. मतदान गुप्त असल्याने ते कोण होते हे सांगता येत नाही, आणि पक्षनेतृत्वालाही त्यांना बांधून ठेवणे शक्य नव्हते.

तुलनात्मक विचार

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षात हाच वाद १९६४मध्ये गाजला होता. मवाळ गटाचे नेल्सन रॉकफेलर यांना डावलून पक्षाने कट्टर परंपरावादी बॅरी गोल्डवॉटर यांना उमेदवारी दिली. लिंडन जॉन्सन यांनी त्यांचा ४८६ विरुद्ध ५२ निर्वाचक मतांनी पराभव केला. १९६८मध्ये पक्षाने तुलनेने मध्यममार्गी रिचर्ड निक्सन यांना निवडले आणि ते विजयी झाले. तेथील मतपत्रिकेवर दुसरी पसंती नसते. त्यामुळे आपल्या मनातला उमेदवार आणि जिंकू शकणारा उमेदवार यांतील निवड पक्षाला उमेदवारी देतानाच करावी लागते. भारतीय पद्धतीत हा निर्णय मतपत्रिकेपर्यंत लांबविता येतो. पण लांबविलेला निर्णय टळत नाही.

भारतात पुढे २००२मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय लोकशाही आघाडीने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना उमेदवारी दिली. काँग्रेसचाही पाठिंबा मिळाल्याने कलाम ९,२२,८८४ मते मिळवून विजयी झाले. डाव्यांच्या उमेदवार लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६ मते मिळाली. देशमुखांप्रमाणेच कलाम पक्षीय राजकारणाबाहेरचे होते. फरक असा की, त्यांच्याविषयीची व्यापक सहमती मतदानापूर्वी झाली होती. २००७मध्ये याच आघाडीतील शिवसेनेने भैरोंसिंह शेखावत यांच्याऐवजी प्रतिभाताई पाटील यांना मत दिले. तेव्हा मराठी अस्मिता आघाडीपेक्षा वरचढ ठरली. १९६९मध्ये मराठी उमेदवाराला तिने तसे तारले नव्हते.

निष्कर्ष

१. उमेदवाराची मध्यममार्गी प्रतिमा ही त्याच्या विजयाची हमी नसते. प्रतिस्पर्धी गटांशी आधी सहमती झाली तरच तिचे मतांत रूपांतर होते. १९६७, १९६९ आणि २००२ या तीन निवडणुकांची तुलना हेच दर्शविते.

२. पसंतीक्रमाच्या पद्धतीत पराभूत होणाऱ्या उमेदवाराला दिलेले मत वाया जात नाही. त्याचे वजन पुढील पसंतीत उतरते. म्हणून पुढील पसंतीचा निर्णय पहिल्याइतकाच जबाबदारीचा आहे. ती न लिहिणे हादेखील एक निर्णयच ठरतो.

३. दुसऱ्या पसंतीसाठी केलेला उघड समझोता पहिल्या पसंतीच्या मतांवर विपरीत परिणाम करू शकतो.

४. या निवडणुकीनंतर नोव्हेंबर १९६९मध्ये काँग्रेस फुटली. १९७१मध्ये संघटना काँग्रेस, जनसंघ व स्वतंत्र पक्ष इंदिरा गांधींविरुद्ध एकत्र लढले, तेव्हा जनसंघाच्या जागा २२वर आणि स्वतंत्र पक्षाच्या ८वर आल्या. ऑगस्ट १९६९मध्ये दुसऱ्या पसंतीपुरती मर्यादित राहिलेली जवळीक उघड आघाडी झाल्यावरही मतदारांनी स्वीकारली नाही. रेड्डी मात्र १९७७मध्ये राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले.

शिक्षक मतदारसंघात पसंतीचे अंक लिहिणाऱ्या प्राध्यापकाला ही पद्धत परिचयाची असते. वर्गात ती शिकविताना मात्र बहुधा कोट्याच्या सूत्रावर भर दिला जातो. १९६९चे उदाहरण त्या सूत्रामागील राजकीय निर्णय विद्यार्थ्यांसमोर उभा करते. आपला उमेदवार निवडून येणार नाही हे माहीत असलेल्या मतदाराच्या हाती तेव्हाही काहीतरी उरते, आणि ते किती मोलाचे असते, हे १३ खासदारांच्या मतांचा हिशेब स्पष्टपणे सांगतो.