पहिली क्रूझर मोटारसायकल आणि धिप्पाड चालक

शिंप्याकडे गेलेला मनुष्य आधी माप देतो आणि मग कापडाविषयी बोलतो. मोटारसायकल घेताना मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. रंग, आवाज आणि इंजिनाचा आकार यांची चर्चा प्रथम होते. वाहनावर बसणाऱ्या देहाचे माप कोणी घेत नाही. मध्यम बांध्याच्या मनुष्याला याची विशेष झळ लागत नाही, कारण वाहनाची रचना बहुतांशी त्याच्यासारखाच देह डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. युरोपीय नियमांत वाहनाच्या वजनाचा हिशेब करताना चालकाचे वजन ७५ किलोग्रॅम धरले जाते. ज्याचे वजन १०० किंवा ११५ किलोग्रॅम आहे, अथवा ज्याची उंची सहा फुटांहून अधिक आहे, अशा मनुष्याला हा हिशेब स्वतःच मांडावा लागतो. तो कसा मांडावा, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

क्रूझरचे स्वरूप

क्रूझर या प्रकाराचे मूळ अमेरिकेत आहे. स्प्रिंगफील्ड येथे १९०१ मध्ये सुरू झालेली इंडियन आणि मिल्वॉकी येथे १९०३ मध्ये सुरू झालेली हार्ले-डेव्हिडसन या दोन कंपन्यांच्या वाहनांतून या प्रकाराला आकार आला. शेकडो मैल सरळ जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसभर बसून राहता यावे, ही त्यामागील गरज होती. त्यामुळे आसन खाली आले, पाय ठेवण्याच्या जागा पुढे सरकल्या, हँडल रुंद व उंच झाले आणि दोन चाकांमधील अंतर वाढले. इंजिनाने अतिवेग गाठण्यापेक्षा कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ द्यावी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. पुढे जपानी कारखान्यांनी हे रूप लहान इंजिनांतही आणले. होंडाची १९८५ मधील रेबेल हे त्याचे एक परिचित उदाहरण होय.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि तिची बुलेट घरोघरी माहीत झाली. तथापि बुलेट ही खऱ्या अर्थाने क्रूझर नव्हे. तिच्यावर चालक ताठ बसतो आणि त्याचे पाय जवळजवळ त्याच्या खालीच असतात. बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने २००१ मध्ये एलिमिनेटर आणली व २००५ मध्ये ॲव्हेंजर आणली. त्यानंतर पाय पुढे टाकून बसण्याची ही पद्धत सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आली. रॉयल एन्फील्डची मीटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये आणि सुपर मीटिऑर ६५० जानेवारी २०२३ मध्ये भारतीय बाजारात आली. पुढील विवेचनात उदाहरणासाठी मुख्यतः या शेवटच्या दोन वाहनांचे आकडे घेतले आहेत. त्यांची शिफारस करण्याचा हेतू त्यात नाही.

उंची व वजन: दोन वेगळे प्रश्न

‘मोठा देह’ या एकाच शब्दात दोन भिन्न गोष्टी येतात. उंच मनुष्याची अडचण अंतरांची असते, तर वजनदार मनुष्याची अडचण भाराची असते. काही जणांना दोन्ही अडचणी असतात. परंतु त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत.

मीटिऑर ३५० चे आसन जमिनीपासून ७६५ मिलिमीटर उंचीवर आहे, सुपर मीटिऑरचे ७४० मिलिमीटरवर, तर त्याच कारखान्याच्या क्लासिक ३५० चे ८०५ मिलिमीटरवर. नवशिक्याचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले, तर वाहन उभे असताना तोल जाण्याची भीती पुष्कळ कमी होते. म्हणून खाली असलेले आसन वजनदार चालकाच्या उपयोगाचे आहे. उंच चालकाने मात्र आसनाच्या उंचीपेक्षा आसन आणि पाय ठेवण्याची जागा यांमधील अंतर पाहिले पाहिजे. हे अंतर कमी असेल तर गुडघे तीव्र कोनात दुमडतात आणि तासाभरात दुखू लागतात. पाय पुढे असल्यामुळे क्रूझरवर हा कोन काहीसा उघडतो, आणि उंच माणसांना हा प्रकार आवडण्याचे ते एक कारण आहे.

पोट मोठे असलेल्या चालकाने आणखी एक गोष्ट तपासावी. हँडल गाठण्यासाठी पुढे वाकावे लागत असेल, तर पोट टाकीवर टेकते, श्वास आखडतो आणि शरीराचा भार मनगटांवर येतो. हँडल पुरेसे मागे वळलेले असेल तर ही अडचण राहत नाही. हँडल डाव्या व उजव्या बाजूला शेवटपर्यंत वळवून त्याचे टोक गुडघ्याला किंवा पोटाला लागते काय, तेही पाहावे. सरळ रस्त्यावर जे लक्षातही येत नाही, ते अरुंद गल्लीत वळताना वाहन पाडावयास पुरेसे ठरते.

भाराचा हिशेब

प्रत्येक मोटारसायकलीला कारखान्याने ठरवून दिलेली एकूण वजनाची मर्यादा असते. या मर्यादेत स्वतः वाहन, इंधन, चालक, मागे बसणारी व्यक्ती आणि सामान हे सर्व येते. ही मर्यादा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तिच्यातून इंधनासह सज्ज असलेल्या वाहनाचे वजन वजा केले, की माणसे आणि सामान यांच्या वाट्याला किती भार उरतो ते कळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या वाहनाचे सज्ज वजन १९० किलोग्रॅम आणि एकूण मर्यादा ३६० किलोग्रॅम आहे. म्हणजे उरले १७० किलोग्रॅम. चालकाचे वजन १०५ किलोग्रॅम असेल तर तो एकटा असताना काळजीचे कारण नाही. पण त्याची पत्नी ६५ किलोग्रॅमची असेल तर तेथेच मर्यादा पूर्ण झाली. आता शिरस्त्राणे, पावसाळी कपडे आणि दहा किलोग्रॅमची पिशवी कोठे ठेवावयाची? आपल्या देशात मोटारसायकल हे एकट्याच्या हौसेचे वाहन क्वचितच असते. ती कुटुंबाची सोय असते. म्हणून वजनदार चालकाने हा हिशेब आपल्या एकट्यापुरता न करता, आपल्या मागे नेहमी कोण बसणार आहे हे ध्यानात घेऊन करावा.

टायरच्या बाजूवरही भाराची मर्यादा अंकित केलेली असते. मापाच्या आकड्यांनंतर येणारा दोन अंकी क्रमांक हा भारदर्शक असतो. ५७ या क्रमांकाचा अर्थ २३० किलोग्रॅम, ६२ चा २६५ किलोग्रॅम आणि ६६ चा ३०० किलोग्रॅम. हा भार त्या एका टायरने, त्यात योग्य हवा असताना, पेलावयाचा असतो. मागील टायर बदलताना केवळ स्वस्त मिळाला म्हणून कमी क्रमांकाचा टायर बसविणे भारी चालकाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

स्प्रिंग आणि पाठीचा कणा

क्रूझरच्या सुखासनात एक उणीव दडलेली असते. साध्या मोटारसायकलीवर खड्डा दिसताच चालक पायांवर जोर देऊन किंचित उठू शकतो, आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. पाय पुढे असले की असे उठणे कठीण जाते. धक्का आसनातून थेट माकडहाडाला व कण्याला पोचतो. त्यातच आसन खाली आणण्यासाठी क्रूझरच्या मागील धक्काशोषकांची हालचाल बहुधा कमी ठेवलेली असते.

चालक बसल्यावर मागील स्प्रिंग काही प्रमाणात दबते. रस्त्यावरील वाहनासाठी एकूण हालचालीच्या साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांश इतके दबणे योग्य मानले जाते. भारी चालकाखाली ती निम्म्याहून अधिक दबली, तर खड्डा आला असता उरलेली हालचाल लगेच संपते आणि स्प्रिंग तळाला आदळते. मागचा भाग खाली गेल्यामुळे पुढचे चाक हलके होते, वळणात वाहन जड व सुस्त वाटते आणि पुढील दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

यावर पहिला उपाय म्हणजे स्प्रिंगचा आरंभीचा ताण वाढविणे. मीटिऑर ३५० च्या मागील धक्काशोषकांना अशा सहा पायऱ्या आहेत. परंतु ताण वाढविल्याने स्प्रिंग मूळची अधिक कडक होत नाही; ती केवळ वरच्या पातळीवरून दबू लागते. शेवटच्या पायरीवरही वाहन तळाला आदळत असेल, तर अधिक कडक स्प्रिंगचे धक्काशोषक बसविणे हाच खरा उपाय आहे, आणि त्याचा खर्च खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावा.

इंजिन किती मोठे असावे?

भारी मनुष्याला विक्रेते आणि मित्र एकच सल्ला देतात: ‘तुम्हाला मोठेच इंजिन हवे.’ हा सल्ला जितका सर्वमान्य आहे तितका बरोबर नाही. मीटिऑर ३५० चे सज्ज वजन १९१ किलोग्रॅम आहे. तिच्यावर ६५ किलोग्रॅमचा चालक बसला तर एकूण २५६ किलोग्रॅम होतात, १०० किलोग्रॅमचा बसला तर २९१. म्हणजे देहाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाढ होऊनही इंजिनाला ओढावयाचा भार वाढतो तो सुमारे १४ टक्केच. सपाट रस्त्यावर हा फरक थोडासा जाणवेल, घाट चढताना व ट्रकला मागे टाकताना अधिक जाणवेल. परंतु त्यामुळे वाहन निरुपयोगी होत नाही. या इंजिनाची ओढ २७ न्यूटन-मीटर असून ती मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच पूर्ण मिळते, ही गोष्ट भारी चालकाच्या सोयीची आहे.

याच्या उलट सुपर मीटिऑर ६५० चे वजन २४१ किलोग्रॅम आहे. हे पन्नास किलोग्रॅम अधिक वजन चालत्या वाहनात लपते, पण चढावर लावलेले वाहन मागे घेताना किंवा वाळूत पाय घसरताना ते पुरते प्रकट होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वजनदार मनुष्य आपोआप बलवान असतो असे नाही. कलणारे वाहन सावरते ते पायांच्या स्नायूंच्या बळावर. आसनावरील देहाचा भार त्या वेळी मदत करण्याऐवजी वाहनाबरोबरच कलत असतो.

युरोपातील परवान्यांत नवशिक्याला इंजिनाच्या शक्तीनुसार पायरीपायरीने वर जावे लागते. भारतात गिअर असलेल्या मोटारसायकलीचा परवाना एकच आहे. तो हाती आल्या दिवशी कोणीही ६५० चे वाहन घेऊ शकतो. कायद्याने न घातलेली पायरी चालकाने स्वतःच घालून घ्यावी हे शहाणपणाचे. खर्चाचा विचारही त्याच दिशेचा आहे. विम्याच्या सक्तीच्या भागाचा दर ३५० घन सेंटिमीटरच्या वर चढतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या मर्यादेपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर तिच्यावरील दुचाकींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला.

ब्रेकचा विचार मात्र टाळता येत नाही. सारख्याच वेगात असलेले वाहन थांबविताना जिरवावी लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेले वाहन निवडावे. ब्रेक लावताना चाक जागीच अडकू न देणारी एबीएस व्यवस्था १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून सर्वत्र बंधनकारक आहे. त्याआधीचे जुने वाहन घेणाऱ्याने ती आहे किंवा नाही, हे पाहून घ्यावे.

दुकानातील परीक्षा

दुकानात जाताना रोज वापरावयाचे बूट घालावेत आणि शक्य असल्यास मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही बरोबर न्यावे. वाहन स्टँडवरून उतरवून दोन्ही पाय टेकून उभे राहावे. निदान दहा मिनिटे बसून पाहावे. पहिल्या मिनिटात प्रत्येक आसन मऊ वाटते. मग इंजिन बंद ठेवून वाहन पायांनी मागे रेटावे. मागे व्यक्ती बसवून पाहावी. तिला जागा पुरत नसेल तर चालक पुढे ढकलला जातो आणि सारी मापे बदलतात. चालवून पाहताना वेग न आजमावता, अर्धवर्तुळात वळणे, गतिरोधक ओलांडणे आणि जोराने थांबणे या तीन गोष्टी आजमावाव्यात.

खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा, टायरमधील हवा माहितीपुस्तिकेत जादा भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी आणि स्वतः आसनावर बसून पुढील दिव्याचा झोत खाली करवून घ्यावा. शिरस्त्राण भारतीय मानक ४१५१ प्रमाणे प्रमाणित असावे, आणि ते डोक्याच्या मापाचे असावे. मोठ्या डोक्याच्या मनुष्याने घट्ट होते म्हणून पट्टा न लावता ते घालणे हे न घालण्यासारखेच आहे.

पुष्कळ धिप्पाड माणसे दुकानातील हसण्याच्या भीतीने आसनावर नीट बसूनही पाहत नाहीत. कोणी संकोचाने ही हौसच सोडून देतो, तर कोणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून न पेलणारे वाहन घेऊन येतो. दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. आपले वजन, सोबत्याचे वजन, वाहनाची मर्यादा आणि आसनाची उंची हे चार आकडे घरीच एका कागदावर लिहून न्यावेत. विक्रेत्याशी बोलताना त्या कागदाकडे बोट दाखविता येते, आणि मग चर्चा मनुष्याच्या देहाविषयी न राहता वाहनाच्या क्षमतेविषयी होते.