पहिलटकरणीचे माहेर आणि दोघांचे घर

प्रथमच प्रसूत होणाऱ्या स्त्रीस मराठीत 'पहिलटकरीण' म्हणतात. प्रसूतीनंतर ती 'बाळंतीण' होते, आणि मूल कडेवर आले की 'लेकुरवाळी'. ह्याच काळातून जाणाऱ्या पुरुषासाठी मात्र भाषेत असे शब्द फारसे रुळलेले नाहीत. हा केवळ शब्दसंग्रहातील अपघात नव्हे. नवरा, बायको आणि तान्हे मूल अशा तिघांचे मिळून एक घर असते, ही कल्पना मराठी कुटुंबव्यवस्थेत तशी अलीकडची आहे. पूर्वीच्या व्यवस्थेप्रमाणे मुलाच्या जन्मानंतरचे पहिले काही महिने ह्या तिघांनी एका छपराखाली राहावयाचेच नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी, हा महाराष्ट्रातील बहुतेक ज्ञातींचा रिवाज. सातव्या महिन्याच्या सुमारास मुलगी माहेरी येई, आणि मूल तीन किंवा पाच महिन्यांचे झाले की पाळणा, अंगडी-टोपडी व लाडवांचे डबे बरोबर देऊन तिची पाठवणी होई. मधला सगळा काळ कामांच्या वाटणीने बांधलेला असे. सुईण नाळ कापी. अंग चोळणारी बाई रोज सकाळी येऊन बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावी, कढत पाण्याने न्हाऊ घाली, वेखंड-ओव्याची धुरी देई व बाजेखाली शेगडी सारी. आई डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळी. आजी सहाणेवर गुटी उगाळी. पाचवीला पाट्या-वरवंट्याची पूजा होऊन सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवली जाई. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगे आणि त्याबद्दल पाठीवर धपाटे खाई. ह्या साऱ्या तपशिलात मुलाचा बाप कोठेच नाही. बारशाला तो आलाच, तर जावई म्हणून, म्हणजे पाहुणा म्हणून येई.

ही व्यवस्था निव्वळ मायेपोटी निर्माण झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सासरी सुनेच्या वाट्याला दळण, कांडण आणि पाणी ही कामे येत. त्यांतून सुटका व्हावयाची तर घर बदलण्यावाचून मार्ग नसे. विटाळाच्या कल्पनेने ह्या विश्रांतीस धर्माचे संरक्षण मिळे. त्याच कल्पनेने बाळंतिणीला कोंदट, अंधाऱ्या खोलीत डांबूनही ठेवले जाई. खर्चाचा भार मुलीच्या बापावर पडे तो वेगळाच. तरीही माहेर सहज गाठता येणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट नव्हती. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राची गणना उत्तर व दक्षिण यांमधील प्रदेशात केली आहे. उत्तरेत मुलगी बहुधा दूरच्या, अनोळखी घरी दिली जाते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह अनेक ज्ञातींत मान्य असल्याने सासर व माहेर यांतील अंतर पुष्कळदा कमी असे. पहिलटकरणीचे जाणे-येणे त्यामुळे सुकर होई.

सासरी परतल्यावरही तिघांचे घर होत नसे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर आपल्याच मुलाला उचलून घेणे तरुण बापास अशोभनीय वाटे. मुलाचे कौतुक आजोबांनी व काकांनी करावयाचे. ह्या मर्यादेचा सर्वांत बोलका पुरावा संबोधनांत सापडतो. जुन्या घरांतून वाढलेली कित्येक मुले स्वतःच्या वडिलांना 'दादा', 'अण्णा' किंवा 'भाऊ' म्हणत, आणि आईला चक्क 'वहिनी' वा 'काकू' म्हणत. घरातील इतर माणसे त्या दोघांना ज्या नावाने हाक मारीत तेच नाव मूल उचली. नावे घराच्या रचनेतून येत, जन्मदात्यांशी असलेल्या संबंधातून नव्हे. नवऱ्याचे नाव घेणे निषिद्ध असल्याने पत्नी 'अहो' म्हणे. मूल झाल्यावर त्या दोघांना एकमेकांचा उल्लेख मुलाच्या नावावरून करण्याची सोय झाली. आज शहरी घरांत 'आई' आणि 'बाबा' ही जोडी जवळजवळ सार्वत्रिक झाली आहे. पत्नी पतीला नावाने व एकेरीत हाक मारते. मुलाच्या कानावर पडणारी नावेच बदलली, ह्याचे कारण ती नावे उच्चारणारी माणसे घरातून निघून गेली.

हे निघून जाणे एकाएकी घडले नाही. मुंबईच्या गिरणगावात त्याचे एक मधले रूप दिसते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार चाळीतील खोलीत गाववाल्यांसह राही आणि खानावळीत जेवी. त्याची बायको बहुधा गावीच असे. मूल गावी जन्मे, आणि शिमग्याला किंवा गणपतीला रजा मिळाली की बाप ते प्रथम पाही. ज्या स्त्रिया स्वतः गिरण्यांत काम करीत त्यांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या मागणीचे व त्यांच्या बाजूने झालेल्या चळवळीचे फळ म्हणून मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. भारतातील ह्या प्रकारचा तो पहिला कायदा होय.

आज महाराष्ट्रातील दहांपैकी नऊहून अधिक बाळंतपणे रुग्णालयांत होतात. सुईण गेली. मुलगी नोकरीच्या गावी नाव नोंदविते, तेथेच तिची तपासणी होते, म्हणून प्रसूतीही तेथेच होते. परिणामी प्रवासाची दिशा उलटली आहे. मुलगी आईकडे न जाता आई मुलीकडे येते. काही ज्ञातींत मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न आईबापांनी घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. आता त्याच घरी आई प्रसूतीच्या आधीच मुक्कामास येते आणि स्वयंपाकघर ताब्यात घेते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी दांपत्यांकडे हीच पाळी आणखी आखीव होते. पाहुण्याच्या परवान्यावर सामान्यतः सहा महिने राहता येत असल्याने आधी एकीकडचे आजी-आजोबा आणि ते परतल्यावर दुसरीकडचे, असा क्रम अनेक घरी लागतो.

आजी येते, परंतु तिचा अधिकार पूर्वीसारखा येत नाही. जन्मल्याबरोबर मध चाटविणे आणि पहिले चिकाचे दूध टाकून देणे ह्या दोन्ही गोष्टी जुन्या घरांत प्रचलित होत्या, आणि दोन्ही अहितकारक ठरल्या आहेत. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. मधातून एक वर्षाखालील मुलास घातक जंतुविषाची बाधा होऊ शकते. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे. त्यामुळे जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, वेखंड यांचे मोजून वेढे देऊन उगाळलेली गुटीही वर्ज्य ठरते. येथे डॉक्टरांची बाजू बरोबर आहे, ह्यात संशय नाही. पण सहाण बाजूला ठेवताना आणखीही काही बाजूला पडते. गुटी उगाळण्याच्या निमित्ताने आजी रोज बाळाची जीभ, पोट, शी आणि रडणे पाहत असे. कोणते रडणे भुकेचे आणि कोणते पोटदुखीचे, हे ती वीस बाळे हाताखालून गेल्यामुळे ओळखत असे. आजच्या तरुण आईबापांपैकी अनेकांनी स्वतःचे मूल हाती येण्यापूर्वी तान्हे बाळ कधी न्हाऊ घातलेले नसते. औषध बदलता येते. हे पाहणे कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतो.

तो सर्वाधिक जाणवतो तो रात्री. दोन खोल्यांच्या घरात दर दोन-तीन तासांनी बाळ उठते, आणि त्याच्यासोबत दोघांपैकी एकाला उठावे लागते. पूर्वी बाळंतिणीजवळ कोणी तरी निजत असे. अपुरी झोप, एकटेपणा आणि आपल्याला हे जमत नाही ही भावना यांतून काही स्त्रियांना प्रसूतीनंतर खरोखरीचे नैराश्य येते. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत; तथापि घरी त्याची संभावना बहुधा 'नाजूकपणा' म्हणून होते.

कायद्याने ह्या बदलाची दखल घेतली ती अर्धीच. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने प्रसूतीसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ह्या तरतुदी कायम राहिल्या. बापाच्या रजेविषयी मात्र संहिता मौन बाळगते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. ज्या पुरुषाला शब्द नव्हता त्याला हक्कही नाही. सव्वीस आठवडे एकीस आणि फार तर पंधरा दिवस दुसऱ्यास अशी वाटणी असल्यावर सोळाव्या दिवसापासून मूल पुन्हा एकटीचे काम होऊन बसते, आणि मालकालाही तरुण स्त्रीला नोकरी देणे महाग वाटू लागते.

आणि हा सारा विचार पगारदार घरांचा झाला. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. उचल त्या जोडीवर दिली जाते. येथे दांपत्य हा हिशेबाचाच एकक आहे. कारखान्याच्या परिसरात खोपी घालून ही जोडपी हंगामाचे सुमारे सहा महिने राहतात. तान्हे मूल बरोबर असते आणि फडाच्या कडेला झोळीत निजते. एक जण मुलाजवळ थांबला तर कोयता मोडतो आणि खाडा दोघांचाही धरला जातो. आजी सहसा मोठ्या नातवंडांना सांभाळीत गावी राहिलेली असते. हंगामात जन्मलेल्या मुलाची आणि तिची पहिली भेट टोळी परतल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी होते.